बोलेरोत एलईडी पट्टी: दारव्हा रोडवरचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान

रात्री कापसाच्या जिनिंगवरून परतताना सीटखाली काय पडलं ते दिसत नाही, म्हणून जुन्या बोलेरोत पायाजवळ एलईडी पट्टी लावून घेतली. कारागीर विशीतला, पण हात पक्का. पट्टी दर तीन दिव्यांनंतरच्या तांब्याच्या खुणेवरच कापली, सोल्डर मारून वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी) चढवली. प्लस फ्यूजबॉक्समधून घेतला, मायनस छताच्या लाइटच्या दार-स्विचवरून. त्यामुळं दार उघडलं की पट्टी लागते, लावलं की बंद. फ्यूजशिवाय चालेल का, विचारलं तर म्हणे, "नाई भाऊ, त्याबिगर मी तार जोडतच नाई." खरं आहे त्याचं. मीटरभर ५०५० पट्टी (५ मिमी चौरस दिव्यांची, मीटरला ६०) १२ व्होल्टवर जेमतेम सव्वा अँपिअर ओढते, ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो. पण तार कुठं घासून शॉर्ट झाली तर वायरिंग वाचवणारा तोच.

तक्रार एकच, पट्टीमागचा गोंद. आपल्या मे महिन्यात बंद गाडीत तो काय टिकणार? पट्टी सुटून क्लचपाशी लोंबायला लागली, हे धोक्याचंच. परत नेली तर काही न बोलता क्लिपा मारून दिल्या, पैसे नाही घेतले. बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका, ट्रॅक्टरवाल्यांची रांग असते.