कुंभारवाड्यातील मातीच्या कुंड्या : वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या मे महिन्यात धारावीच्या कुंभारवाड्यातून मी बाल्कनीतील बागेसाठी मातीच्या सहा कुंड्या आणल्या. वर्षभरात त्यांनी एक पावसाळा आणि एक कडक उन्हाळा सोसला असून, सहापैकी पाच अजून खणखणीत आहेत.

सौराष्ट्रातून मुंबईत आलेली कुंभार कुटुंबे १९३० च्या दशकात या वस्तीत स्थिरावली. चाक आता बहुतेक ठिकाणी विजेवर फिरत असले, तरी त्यावरच्या मातीला आकार हातच देतात, आणि हे कुंडीत माती भरण्यापूर्वी आत डोकावल्यावर लगेच कळते : तळापासून काठापर्यंत बोटांच्या वळ्या चढत गेलेल्या दिसतात आणि तळाच्या भोकाजवळ अंगठ्याचा ठसा राहिलेला असतो. माझ्या सहा कुंड्यांपैकी कोणत्याही दोन अगदी एकसारख्या नाहीत, आणि मला त्या तशाच आवडतात.

ज्या बाईंकडून मी पाच कुंड्या घेतल्या, त्यांनी प्रत्येक कुंडी उचलून बोटाच्या पेराने वाजवून दाखवली. नीट भाजलेली, तडा नसलेली कुंडी घंटेसारखी वाजते. कच्ची किंवा तडकलेली बद्द आवाज करते. सहावी मी घाईत दुसऱ्या एका दुकानातून, न वाजवता उचलली आणि जुलैत तिच्या बुडाचे पोपडे सुटू लागले. १२ इंची कुंडीचे मी १५० रुपये दिले; हाताच्या कामाला ही किंमत मला वाजवी वाटते.

प्लास्टिकच्या कुंडीशी तुलना केली, तर खरा फरक मुळांना जाणवतो. भाजलेली माती सच्छिद्र असल्याने जास्तीचे पाणी भिंतींतूनही बाष्प होऊन निघून जाते. पूर्वी पावसाळ्यात माझ्या तुळशीची मुळे कुजत असत आणि मातीला आंबूस वास येत असे, तो प्रकार यंदा झाला नाही. मात्र याच गुणामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागते, आणि दोन दिवस गावाला जायचे तर शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवणे आले. ओल्या मातीने भरलेली १२ इंची कुंडी एकटीने हलवणे कठीण आहे, हेही घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. बाहेरून क्षारांचे पांढरे डाग पडतात. काथ्याने घासले की ते बरेचसे जातात.

नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी, नाहीतर ती मातीतील ओल शोषून घेते. भोकावर खापराचा तुकडा ठेवून मी माती, कोकोपीट आणि गांडूळखत भरले आणि स्वयंपाकघरातील डब्यातलेच मेथीचे दाणे पेरले. चौथ्या दिवशी, दाण्याचे साल डोक्यावर टोपीसारखे घेऊन कोंब वर आले, तेव्हा घरातील सगळी मंडळी चहाचे कप घेऊन बाल्कनीत जमली होती. पंचवीस दिवसांनी त्या एका कुंडीतून दोघांपुरती भाजी निघाली.

कुंड्या रंगवायच्या असतील, तर ऑइलपेंट टाळावा, कारण त्याने छिद्रे बुजतात. आम्ही गेरूचा हात दिला आणि चुन्यात थोडा डिंक कालवून मुलीने त्यावर वारली पद्धतीची माणसे काढली. पावसात त्यांतील निम्मी माणसे पुसट झाली आहेत. येत्या दिवाळीत ती पुन्हा काढायची, असे तिने ठरवले आहे, आणि पोपडे सुटलेल्या कुंडीच्या जागी नवी आणायला मी पुन्हा त्याच बाईंकडे जाणार आहे.