मंगल कार्यालयातला सायकल मेळा: साठीनंतर पुन्हा सायकल घेणाऱ्यांनी वाचावं असं

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातले निवृत्त गुरुजी. वय ६६, उंची पाच फूट चार इंच, सायकल सुटून पंचवीस वर्षं झालेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालण्यापेक्षा सायकल बरी, गुडघ्यावर भार कमी पडतो. नेमका त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात चार दिवसांचा एक्स्चेंज मेळा लागला होता. गुरुजींनी घरातली जुनी काळी सायकल टेम्पोत टाकून नेली आणि नवी घेऊन आले. बिल असं होतं: सायकल १४,००० रुपये, जीएसटी १८ टक्के म्हणजे २,५२०, फिटिंग ४००, पंक्चरप्रूफ टायरचे ९००, जुनीचे वजा ५००. एकूण १७,३२०.

सांगितलं होतं ते असं: पूर्ण अलॉय (म्हणजे अल्युमिनियमची) बॉडी, २१ गिअर, डबल शॉकर, डिस्क ब्रेक. नवव्या दिवशी उतारावर डावं पायडल क्रँकमधून, म्हणजे ते ज्यात बसतं त्या दांड्यातून, निघून हातात आलं. कोपर सोलवटलं, तेवढ्यावर भागलं. मग सायकल मिस्त्रीकडे गेली आणि एकेक वस्तू उघडून पाहिली.

पहिलं अलॉयचं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक खालच्या जाड नळीला लावलं, तर ते टप्पकन चिकटलं. अल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. मात्र ते नेमकं कुठे लावायचं हे समजून घ्या. चिमटा (पुढचं चाक धरणारा भाग), चेन आणि नटबोल्ट लोखंडी असणं अलॉय सायकलीतही चालतं, त्यावरून निकाल देऊ नका. फ्रेमच्या तीन मुख्य नळ्या तपासायच्या: वरचा दांडा, हँडलकडून पायडलकडे येणारी तिरकी नळी आणि सीटखालची नळी. रंगावर स्टिकर असेल तर त्याच्या बाजूला लावा. कापसाच्या काट्यावर सायकल भरली २० किलो ४०० ग्रॅम. लोखंडी फ्रेम वाईट असते असं मुळीच नाही, आपल्याकडच्या कच्च्या रस्त्यांवर ती वर्षानुवर्षं टिकते आणि तडा गेला तर गावातला वेल्डर जोडून देतो. फसवणूक आहे ती अलॉयचे पैसे घेऊन लोखंड देण्यात.

खरा घात मात्र मापात झाला होता, आणि त्याला चुंबक लागत नाही. मेळ्यात खाली वाकलेल्या दांड्याची एक साधी सायकल होती. गुरुजींचा हात आधी तिच्याकडेच गेला होता. विक्रेता म्हणाला, “काकाजी, हे लेडीज मॉडेल तुम्ही काहून घेता? तुम्ही तं अजून जवान आहा. ही घ्या, नातूही चालवीन.” एवढ्या एका वाक्यावर सौदा फिरला. पुन्हा सायकलवर येणारा वयस्क माणूस बहुतेक वेळा चालवताना पडत नाही, चढताना आणि थांबताना पडतो. कंबर ताठरलेली असते, पाय मागून कॅरिअरवरून फिरवताना टाच अडकते. खाली दांडा असला की पाय पुढूनच आत जातो. त्याला लेडीज म्हणून नाक मुरडणाऱ्याच्या कमरेला अजून साठी लागलेली नाही, इतकंच.

आपलं माप घरीच काढा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पाय वीतभर फाकवायचे, जाड पुठ्ठ्याची वही दोन पायांमध्ये धरून सीटचा दाब येतो तेवढी वर दाबायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. गुरुजींचं माप आलं ७५ सेंटिमीटर. सायकल दोन पायांत घेऊन उभं राहिल्यावर दांडा आणि जांघ यांच्यात किमान तीन-चार सेंटिमीटर जागा सुटली पाहिजे. त्यांना मिळालेल्या सायकलीचा दांडा तिथे जमिनीपासून ७६ वर होता. म्हणजे अचानक थांबलं की एक पाय टेकवायला अख्खी सायकल एका कुशीला झुकवावी लागायची.

सीटची उंची यापुढची गोष्ट. आलेल्या मापाला ०.८८३ ने गुणा. क्रँक ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर यायला हवं. ७५ ला ते ६६ सेंटिमीटर होतं. बऱ्याच वर्षांनी बसणाऱ्याने पहिले पंधरा दिवस आणखी दीड-दोन सेंटिमीटर खालीच ठेवावं. गणित नको असेल तर सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला ढळता कामा नये. सीट खाली राहिली तर गुडघ्याची वाटी पुढून दुखते, वर राहिली तर गुडघ्यामागची शीर ओढते. गुरुजींचं मागून दुखत होतं. त्यांनी सीट खाली करायचा खूप प्रयत्न केला, ती ७१ च्या खाली जाईना. कारण मागच्या शॉकरची जागा करायला सीटखालची नळी मधेच तोडलेली असते, सीटचा पाइप आत जाऊन शॉकरच्या कमानीवर अडतो. काहींनी हा पाइप करवतीने कापून आणलेला पाहिला आहे. कापायला हरकत नाही, पण पाइपवर आडवी रेघ कोरलेली असते, तिच्याखाली मुळात जेवढी लांबी होती तेवढी कापल्यावरही नळीच्या आत राहिलीच पाहिजे, नाहीतर जोडावरची नळी फाटते.

मेळ्यात हे सगळं कळलं कसं नाही? सायकल स्टँडवर उभी करून एका पोराने मागून कॅरिअर धरलं आणि गुरुजींना वर बसवून पायडल फिरवायला लावलं. चाक हवेत फिरलं, छान वाटलं. स्टँडवर कुठलीही सायकल छानच वाटते. रस्त्यावर दोनशे मीटर नेऊन, चार वेळा उतरून-चढून पाहू देत नसतील तर तिथून निघा.

शॉकर दिसायला दणकट होता. तो हाताने दाबून सोडायचा. हळू वर आला तर आत तेलाचा दम आहे. टुणकन उडाला तर नुसती स्प्रिंग आहे. ही नुसती स्प्रिंग होती. डांबरी रस्त्यावर दर पायडलाला ती थोडी बसते, पायाचा जोर चाकाऐवजी स्प्रिंगमध्ये जातो आणि वर दोनेक किलो लोखंड फुकट ओढावं लागतं. शिवाय तिच्या जोडातलं बुश झिजलं की मागचं चाक डुलायला लागतं. तालुक्याला ते बुश मिळत नाही.

आता २१ गिअर. पुढे तीन चकत्या होत्या, मागे मोजल्या तर सहा. तीन सक अठरा. मागे सात असल्याशिवाय २१ होत नाहीत, एवढं तिथेच बोटाने मोजता आलं असतं. पण १८ की २१ याने फारसं बिघडत नाही, त्यातले निम्मे एकमेकांसारखेच असतात. बघायचा तो सगळ्यात हलका गिअर: पुढची लहानात लहान चकती आणि मागची मोठ्यात मोठी. दोन्हींचे दात मोजा. या सायकलीत पुढे २८, मागेही २८. म्हणजे पायडलाच्या एका फेरीला चाकाची एक फेरी, २६ इंची चाकाला सुमारे दोन मीटर. पुढे २४ असते तर तेच १.७५ मीटर झालं असतं, आणि गावाबाहेरच्या चढावर गुडघ्याला हाच फरक कळतो. तुलनेसाठी सांगायचं तर साधी काळी सायकल, पुढे ४४ आणि मागे १८ दात, एका फेरीत साडेपाच मीटर जाते.

फ्रेमवर शिमानोचं, म्हणजे गिअर बनवणाऱ्या नावाजलेल्या जपानी कंपनीचं, स्टिकर होतं. मागचा गिअर, म्हणजे चेन हलवणारा तो लोंबता भाग, बिननावाचा निघाला. अस्सल भागावर नाव कोरलेलं किंवा छापलेलं असतं आणि मागच्या अंगाला आरडी ने सुरू होणारा मॉडेल नंबर असतो. शिमानोची टर्नी ही स्वस्तातली पायरी, तीही रोजच्या वापराला पुरते. महागडं काही लागत नाही.

डिस्क ब्रेकबद्दल भांडण नाही, काळ्या मातीच्या चिखलात ती रिंगवरच्या ब्रेकपेक्षा चांगली लागते. पण स्वस्त तारेच्या डिस्कमध्ये एकच गुटका सरकतो आणि दर थोड्या दिवसांनी ती जुळवावी लागते. रबरी गुटक्यांचा ब्रेक कुठलाही मिस्त्री दहा मिनिटांत लावतो. या सायकलीत मात्र वेगळाच प्रकार होता. पुढच्या डिस्कचा पकडणारा भाग चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला, चिमट्याच्या मागे असायला हवा. इथे तो उजवीकडे पुढे होता. म्हणजे फिटिंग करणाऱ्याने अख्खा चिमटाच उलटा बसवला होता! सायकल खोक्यात अर्धवट जोडून येते. हँडल, पुढचं चाक, सीट आणि पायडल इथे लावतात. चिमटा उलटा झाला की चाक मागे सरकतं आणि वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. गुरुजींना वाटत होतं, आपलाच तोल गेला.

आणि ते डावं पायडल. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवलं की ते आवळतं. दांडीच्या टोकावर एल आणि आर अशी अक्षरं असतात. पोराने जोर लावून तिरकं घुसवलं होतं, क्रँकचे आटे खाल्ले गेले, नऊ दिवस तग धरला. आटे गेले की क्रँकच बदलावा लागतो. नव्या सायकलीचं पायडल आधी बोटांनी चार-पाच फेरे सहज आत जातं का ते समोर करून दाखवायला सांगा. पाना नंतर. चारशे रुपये फिटिंगचे घेतलेत तर एवढं करायला त्यांचं काही जात नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकाच्या तारा ताणून त्याचा आऊट (डुलणं) काढून घ्यायचा, हेही त्या वेळीच ठरवा.

पंक्चरप्रूफ टायर म्हणजे साधा जाड नक्षीचा टायर होता. बाभळीचा काटा त्यातून आरपार जातो, दिवाळीनंतर धुऱ्यावरचा सराटाही सोडत नाही. काट्यावर उपाय दोन: टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी जाड पट्टी, किंवा ट्यूबमध्ये घालायचं द्रव. दोन्ही नंतर आपल्या मिस्त्रीकडून करता येतात. आणि हवा. टायरच्या कडेवर दाबाचा आकडा उमटवलेला असतो, तेवढी भरली की निम्मी जडता जाते. रुंद खवल्यांचा टायर डांबरावर नुसता घुमतो, तिथे ३५ ते ४० मिलिमीटरचा गुळगुळीत पुरे.

बॅटरीची सायकलही तिथे दाखवली होती. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असला तर नोंदणी लागत नाही. मूठ पिळल्यावर चाळीसने पळते असं कोणी कौतुकाने सांगितलं तर ती कायद्याने सायकल उरत नाही.

आता बिलाकडे या. सायकलीवर १८ टक्के जीएसटी नाही. आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. १४,००० वर ७०० होतात, गुरुजींनी १,८२० रुपये जास्त मोजले. खोक्यावरच्या लेबलवर मॉडेल, साइज आणि छापील किंमत असते, आणि छापील किंमत सगळे कर धरून असते, तिच्यावर जीएसटी वेगळा लागत नाही. म्हणून खोकं दाखवा म्हणायचं. खोकं फेकलं असं उत्तर आलं की समजून घ्या. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर हवा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की दुकानाचं नाव येतं. क्रँकच्या खाली फ्रेमवर ठोकलेला नंबरही बिलावर लिहून घ्या, नाहीतर ही सायकल आमची नाहीच म्हणायला ते मोकळे.

गुरुजींच्या बिलावर एक मोबाइल नंबर होता, तो पाचव्या दिवशी बंद झाला. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो. मंगल कार्यालयाचा पत्ता विक्रेत्याचा होत नाही. चार दिवसांच्या मेळ्याची सगळी गोम इथे आहे.

राहिली ती पाचशेला दिलेली जुनी सायकल. नातवाच्या मोबाइलमध्ये तिचा एक फोटो सापडला. मागच्या चाकाच्या उजव्या नटातून बारीक, तुटकी साखळी लोंबत होती. हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातच, तीन गिअर असलेल्या स्टर्मी-आर्चर या इंग्रजी बनावटीची ती खूण. त्या हबच्या पत्र्यावर बहुधा वर्षाचे दोन आकडे ठोकलेले असतात. त्याची तार किंवा साखळी तुटली की हब आपोआप सगळ्यात जड गिअरमध्ये जाऊन बसतो. पुढे ४४, मागे १८ धरले तर एका फेरीत साडेपाचऐवजी सव्वासात मीटर. गुरुजींनी पंचवीस वर्षांपूर्वी सायकल सोडली ती जड लागते म्हणून. साखळी आणि तार बदलली असती तर खालच्या गिअरला तीच फेरी चार मीटरवर आली असती. भंगाराच्या वजनाने घेणाऱ्याने सायकल आत नेताना पहिली नजर त्या नटाकडेच टाकली होती, हे गुरुजींना आता आठवतं.