गुहागर किनाऱ्यावरचं आकाशदर्शन : विमानांआधीच्या नोंदींसाठी जरूर जावं

विमानं नव्हती तेव्हा लोकांनी आकाशात काय काय पाहिलं, यावरचा हा दोन तासांचा कार्यक्रम. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला १४ एप्रिल १५६१ च्या पहाटे दिसलेले गोळे, क्रूस, नळ्या आणि सूर्यावरच्या रक्तवर्णी कोरी त्या काळच्या मुद्रक हान्स ग्लेझरच्या छापील चित्राच्या मोठ्या प्रतीवर बोट ठेवून दाखवतात. यातलं बरंचसं खळं (सूर्य-चंद्राभोवती दिसणारं कडं) आणि प्रतिसूर्य (सूर्याच्या बाजूला दिसणारे आभासी सूर्य) यांनी उलगडू शकतं, हे पटवून देण्याची पद्धत फार सुंदर आहे. हात ताणून वीत पसरायची, अंगठा चंद्रावर ठेवायचा. करंगळी साधारण २२ अंशांवर, म्हणजे खळ्याच्या कडेवर येते. उंच पातळ ढगांतल्या षट्कोनी हिमकणांतून प्रकाश वाकतो, तो इतकाच. दिवसा पाहायचं तर सूर्य माडाच्या खोडाआड ठेवावा.

स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या आकाशात १५६६ मध्ये दिसलेले काळे गोळे मात्र दोन वाक्यांत उरकतात, ते खटकतं. शिवाय खाऱ्या वाऱ्याने दुर्बिणीच्या भिंगावर ओल धरते आणि पुसायला कोरडा रुमाल देतात. मिठाच्या कणांनी भिंगाचा लेप ओरखडतो. आधी रबरी फुंकणीने कण उडवायचे, मग ओलसर मऊ कापड. चंद्राचं खळं पाहायचं तर पौर्णिमेच्या आसपासची तारीख घ्या, पावसाळा टाळा.