विंडोज 10 ठेवायचं, 11 घ्यायचं की लिनक्स टाकायचं?

सेवा केंद्र असो, कृषी केंद्राचं काउंटर असो की घरी पोराच्या अभ्यासाचं टेबल, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तालुक्याहून आणलेला सेकंड हॅन्ड कॉम्प्युटरच असतो, विंडोज 10 टाकलेला. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने 10 चा सपोर्ट थांबवला. मशीन त्या दिवशी बंद पडली नाही, म्हणून विषय मागे पडला. पण ज्या मशीनवर लोकांचे आधार नंबर टाकले जातात आणि अंगठ्यावर पैसे निघतात, तिला सिक्युरिटी अपडेट नसणं मला तरी पटत नाही.

आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा नंबर वाचा. आय-फाइव्ह 7500 असेल तर सातवी जनरेशन, आय-थ्री 8100 असेल तर आठवी. 10400 सारखा पाच अंकी असेल तर पहिले दोन आकडे धरा. इंटेलमध्ये साधारण आठवीपासून पुढेच विंडोज 11 अधिकृतपणे चालतं. सोबत टीपीएम 2.0 (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची चिप), 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. टीपीएम नाही असं दाखवलं तर लगेच मशीन विकायला काढू नका राजेहो, पुष्कळदा ती बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसती बंद असते.

आठवी किंवा पुढची असेल तर 11 घ्या. अपग्रेड फुकट आहे. पण 4 जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कवर ते इतकं रेंगाळतं की समोरचा गिऱ्हाईक चहा पिऊन परत येईल. आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), जमलं तर 8 जीबी रॅम, मग 11.

सातवी किंवा त्याआधीची असेल तर 10 वरच राहून वाढीव सिक्युरिटी अपडेट घेता येतात, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. घरगुती वापराला मायक्रोसॉफ्ट खातं जोडून सेटिंग सिंक केली तर पैसे लागत नाहीत, नाहीतर 30 डॉलर. संस्थेच्या मशीनला पहिल्या वर्षाचेच 61 डॉलर. म्हणजे ही नुसती मुदतवाढ आहे. तेवढ्यात नव्या मशीनची तजवीज करायची. विंडोज 11 च्या अटीत न बसणाऱ्या मशीनवर जुगाड करून 11 टाकून देणारे तालुक्याला भेटतात. ते चालतंही, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग 10 सोडून मिळवलं काय?

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टीम, जुन्या मशीनवर खरंच हलकं चालतं, त्यातही एक्सएफसीई आवृत्ती. पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून बघता येतं. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट आहेत. पोरांचा अभ्यास, यूट्यूब, सातबारा काढणं, एवढंच काम असेल तर मी बिनधास्त हेच सुचवेन. सेवा केंद्राला मात्र नाही. बहुतेक अंगठा मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी अंगठा वाचणारं सॉफ्टवेअर) विंडोज आणि अँड्रॉइड धरून बनवलेली असते, टॅली थेट चालत नाही, आणि जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर शोधण्यात दिवस जातो.

विंडोज 11 वरही प्रिंटर तपासूनच घ्या. ते फक्त 64 बिटमध्ये येतं, त्यामुळे 32 बिटचा जुना ड्रायव्हर चालणार नाही. अंगठा मशीन, प्रिंटर आणि डिजिटल सहीचं टोकन यांचे नवे ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. टॅलीचा डेटा आणि कृतीदेवचे फॉन्टही त्यातच टाका.

जुलैत पीक विम्याची गर्दी असताना हे काम काढू नका. डाउनलोड काही जीबींचं असतं, मोबाइलचा रोजचा डेटा त्यातच संपतो. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसची बॅटरी आधी बघून घ्या, कारण अपग्रेड अर्ध्यात तुटलं तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. 11 पसंत पडलं नाही तर 10 दिवसांच्या आत सेटिंगमधूनच जुन्यावर परत येता येतं. तोवर डिस्क क्लीनअप करू नका, परतीच्या फाइली त्यातच पुसल्या जाऊ शकतात.