एडी८११ : व्हिडिओ केबलसाठी भक्कम, फीडबॅक रेझिस्टरच्या बाबतीत हट्टी

कंपोझिट व्हिडिओ ७५ ओहमच्या केबलवर पाठवायचा असेल आणि ड्युअल सप्लाय (अधिक आणि उणे, दोन्ही व्होल्टेज) हाताशी असेल, तर अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची एडी८११ ही सिग्नल वाढवणारी चिप आजही बेलाशक निवडावी. अट एकच, तिला साध्या ऑप-अ‍ॅम्पसारखं वापरू नका. ही करंट-फीडबॅक प्रकारची, म्हणजे इन्व्हर्टिंग (उणे) इनपुटला परत येणाऱ्या व्होल्टेजऐवजी करंटवर चालणारी चिप आहे आणि तिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आधी गरज किती ते पाहू. आउटपुटला सिरीजमध्ये ७५ ओहम आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला ७५ ओहम, म्हणजे अर्धा सिग्नल वाटेतच जातो. म्हणून गेन २ ठेवायचा, म्हणजे सिग्नल दुप्पट करायचा. पलीकडे १ व्होल्ट पीक-टू-पीक मिळायला चिपने १५० ओहमच्या लोडवर २ व्होल्ट द्यायला हवेत. ६ मेगाहर्ट्झला एवढ्या साइन वेव्हसाठी सुमारे ३८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) लागतो. टीएल०७२ या नेहमीच्या ऑडिओ चिपचा १३ च्या आसपास आहे, त्यामुळे ती इथे बादच. एडी८११ चा २५०० आहे. एवढा कशाला, असं वाटेल. पण चिप मर्यादेच्या जवळ चालली की ब्राइटनेस बदलताना कलर सबकॅरियरचा (रंगाची माहिती वाहणाऱ्या सिग्नलचा) अ‍ॅम्प्लिट्यूड आणि फेज दोन्ही हलतात. एनटीएससी या टीव्ही पद्धतीत छटाच बदलते, पॅल पद्धतीत रंग फिके पडतात. या दोन बदलांची मापं म्हणजे डिफरन्शियल गेन आणि डिफरन्शियल फेज. एडी८११ चा डिफरन्शियल गेन ०.०१ टक्का आणि डिफरन्शियल फेज ०.०१ अंश, तोही १५० ओहमच्या लोडवर. तिची खरी किंमत या दोन आकड्यांत आहे. १२० मेगाहर्ट्झच्या बँडविड्थचं कौतुक त्यानंतर.

आता रेझिस्टर. गेन २ ला ±१५ व्होल्टवर फीडबॅक आणि ग्राउंडकडचा, दोन्ही ६४९ ओहम. ±५ व्होल्टवर दोन्ही ५६२. हे आकडे सहज बदलण्यासारखे नाहीत. व्होल्टेज-फीडबॅक चिपमध्ये दोन्हीकडे १ किलोओहम घातले तरी बहुधा भागतं. इथे फीडबॅक रेझिस्टरच बँडविड्थ ठरवतो. तो वाढवला की बँडविड्थ घटते, कमी केला की पीकिंग (वरच्या फ्रीक्वेन्सीला नको तो उंचवटा) येतं, आणखी कमी केला की चिप ऑसिलेट होते, म्हणजे स्वतःच सिग्नल काढू लागते. गेन १ चा बफर करतानाही पिन ६ (आउटपुट) आणि पिन २ (इन्व्हर्टिंग इनपुट) थेट तारेने जोडू नका, ±१५ व्होल्टवर तिथे ७५० ओहम लागतात. सगळ्यात जास्त फसवणारी सवय म्हणजे 'स्थिरतेसाठी' फीडबॅक रेझिस्टरवर छोटा कपॅसिटर टाकणं. इतर ठिकाणी तो उपाय असतो, इथे तोच आजार. वायरवाउंड रेझिस्टरही नको, मेटल फिल्म वापरा.

बोर्डावर इनपुटच्या पिन २ आणि ३ च्या खालून ग्राउंड प्लेन कापून टाका. इन्व्हर्टिंग पिनवर थोडीशी स्ट्रे (ट्रॅक आणि बोर्डामुळे आपोआप येणारी) कपॅसिटन्स वाढली तरी फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्सला कुबड येतं. ब्रेडबोर्डवर या चिपची परीक्षा घेणं म्हणजे तिच्यावर अन्यायच. सप्लायच्या पिन ४ आणि ७ ला अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक आणि जवळच १० मायक्रोफॅरड हवेत. ७५ ओहमचा सिरीज रेझिस्टर पिन ६ जवळ बसवा, कनेक्टरपाशी नको. मध्ये लांब ट्रॅक राहिला तर तो चिपला कपॅसिटिव्ह लोड वाटतो. दोन-तीन मॉनिटर जोडायचे असतील तर प्रत्येक केबलला स्वतंत्र ७५ ओहम द्या. अगदी चार केबल जोडल्या तर लोड ३७.५ ओहम होतो, त्यावर चित्राच्या सगळ्यात उजळ भागाच्या १.४ व्होल्टला ३७ मिलिअ‍ॅम्पिअर लागतात. चिप १०० पर्यंत देते.

आउटपुटला कपॅसिटर शक्यतो टाळा. १५० ओहमवर ४७० मायक्रोफॅरड म्हणजे कटऑफ साधारण २.३ हर्ट्झ. ऐकायला पुरेसं वाटतं, पण ५० हर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हवर सुमारे १४ टक्के टिल्ट (सपाट माथ्याला उतार) येतो आणि पडद्यावर वरचा-खालचा उजेड वेगळा दिसतो. ड्युअल सप्लाय आहेच, तर डीसी कपलिंगच करा, म्हणजे मध्ये कपॅसिटर न ठेवता थेट जोडा.

तपासताना केबलच्या टोकाला ७५ ओहम लावूनच मोजा. १ ऐवजी २ व्होल्ट दिसले तर टर्मिनेशन राहिलंय. चित्रावर माशाच्या काट्यांसारखी नक्षी, आउटपुटला विचित्र डीसी आणि नेहमीपेक्षा जास्त तापलेली चिप, ही ऑसिलेशनची लक्षणं. ते १०० मेगाहर्ट्झच्या आसपास असू शकतं, त्यामुळे २० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ट्रेस साफ दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

उणिवा दोन, आणि दोन्ही खऱ्या. ±१५ व्होल्टवर नुसती बसूनच ती १६.५ मिलिअ‍ॅम्पिअर घेते, म्हणजे जवळपास अर्धा वॉट उष्णता. फक्त व्हिडिओसाठी ±५ व्होल्ट पुरतात, मग ±१५ चा हट्ट कशाला? दुसरी उणीव अशी की ती रेल-टू-रेल नाही, म्हणजे तिचं आउटपुट सप्लायच्या टोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून एकट्या ५ व्होल्टच्या सप्लायवर तिचा विचारच करू नका. तिथे व्हिडिओसाठीची रेल-टू-रेल चिप घ्या.

बनावट चिपचा संशय असेल तर बोर्डावर लावण्याआधी दोन गोष्टी बघा : सिग्नल न देता ±१५ व्होल्टवर करंट १६-१७ मिलिअ‍ॅम्पिअरच्या जवळपास आहे का, आणि १ मेगाहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह दिल्यावर कडा ताठ येतात की तिरक्या. तिरक्या आल्या तर आत दुसरीच कुठली तरी स्वस्त ऑप-अ‍ॅम्प आहे.