न्यूमन न्यूमिझमॅटिक पोर्टल: जुन्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यांचे आधीचे मालक शोधायचे असतील तर

लार्ज सेंट किंवा हाफ सेंट, म्हणजे अमेरिकेची एक आणि अर्ध्या सेंटची जुनी तांब्याची नाणी, जमवायला लागलेल्या कुणीही मला विचारलं की पहिले पैसे कशावर घालवू, तर माझं उत्तर ठरलेलं आहे, सध्या काहीच घेऊ नकोस, न्यूमन न्यूमिझमॅटिक पोर्टल ही वेबसाइट उघड आणि जुने लिलावाचे कॅटलॉग चाळत बस. फुकट आहे. सेंट लुईसचे एरिक न्यूमन, १९११ चा जन्म, २०१७ ला गेले, म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस, त्यांच्या संस्थेच्या पैशावर आणि तिथल्याच वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या मदतीने २०१४ च्या सुमारास हे काम सुरू झालं. दीडशे वर्षांचे लिलावाचे कॅटलॉग, डीलर लोकांच्या किमतीच्या याद्या, क्लबांची मासिकं, टांकसाळीची कागदपत्रं, सगळं स्कॅन करून टाकलंय आणि आतला मजकूर सर्च करता येतो. आधी हेच सगळं बघायचं तर एकतर स्वतःकडे कपाटभर कॅटलॉग हवेत नाहीतर तसं कपाट असलेला मित्र हवा.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. १७९३ ते १८५७ अमेरिकेत तांब्याचे मोठे सेंट पाडले जायचे, साधारण २७ ते २९ मिलिमीटरचे, एक १८१५ साल सोडलं तर दरवर्षीचे मिळतात. पहिलाच १७९३ चा चेन सेंट, मागे साखळीचं डिझाइन, स्वातंत्र्याच्या नावाने काढलेल्या नाण्यावर साखळी कशाला अशी तेव्हाच्या पेपरात टीका झाली आणि काही आठवड्यांत साखळी जाऊन माळ आली. त्या काळी प्रत्येक डाय, म्हणजे नाणं पाडायचा ठसा, हाताने कोरलेला, त्यामुळे एकाच वर्षाच्या सेंटचे कितीतरी प्रकार होतात, आणि आम्ही लोक नुसतं वर्ष नाही, पुढच्या-मागच्या डायची जोडी जमवतो. आता त्या जोडीचीही मोजकीच नाणी उरलेली असतील तर साहजिकच विचारलं जातं की हे नक्की कुठलं, आधी कुणाकडे होतं. म्हणजे नाण्याचा सातबारा काढायचा.

हे नुसतं हौसेचं काम आहे असं समजू नका. विल्यम शेल्डन हे नाव या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, १७९३ ते १८१४ च्या सेंटचे एस-१, एस-२ असे नंबर त्यांनी १९४९ मध्ये दिले आणि नाण्याचा दर्जा सांगणारी ७० पर्यंतची ग्रेड जी आज जगभर वापरतात तिची सुरुवातही त्यांच्याकडूनच. जॉर्ज क्लॅप या संग्राहकाने आपले सेंट १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिझमॅटिक सोसायटीला दिले होते. त्यातली चांगली चांगली नाणी शेल्डननी काढून घेतली आणि जागेवर त्याच प्रकारातली पण कमी दर्जाची ठेवली, म्हणजे ट्रे भरलेलाच, मोजले तर आकडाही बरोबर. शेल्डन १९७७ ला वारले आणि हे सगळं उघड झालं १९९० च्या दशकात, तेसुद्धा जुने फोटो आणि जुन्या नोंदी नाण्यांशी ताडून बघितल्या म्हणून. तोवर शेल्डनचा संग्रह १९७२ मध्येच टेड नाफ्त्झगर या संग्राहकाला विकला गेला होता, मग कोर्टकचेरी, आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने म्हटलं की चोरीला गेलेली वस्तू कुणाकडे आहे हे मूळ मालकाला कळलं तिथून दाव्याची मुदत मोजायची. म्हणजे आज तुम्ही सरळ मार्गाने पैसे देऊन घेतलेलं नाणंही उद्या परत द्यावं लागू शकतं. ज्याला हे कळलं तो पेडिग्रीला, म्हणजे आधीच्या मालकांच्या यादीला, शोभेची गोष्ट म्हणणार नाही.

आता पोर्टल वापरायचं कसं, कारण इथेच बरेच जण कंटाळून सोडून देतात. लोक एस-४८ वगैरे टाकून सर्च करतात आणि १९४९ च्या आधीचं काहीच येत नाही, येणारच नाही, नंबरच नव्हते ना तेव्हा! १७९४ च्या सेंटसाठी जुने कॅटलॉगवाले आधी डॉक्टर मॅरिस यांची नावं वापरायचे, काय सुंदर नावं आहेत, व्हीनस मरीना, पॅटागोनियन, स्कार्ड हेड, लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या, चेहऱ्यावरून ठेवलेली. नंतर १८९३ पासून हेज या अभ्यासकाचे नंबर. बाकीच्या वर्षांना डाउटीचे नंबर, हे डाउटी म्हणजे १८९० मध्ये सेंटवर पुस्तक लिहिणारे आणि पोटापाण्यासाठी स्वस्तातल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारे गृहस्थ, मला हा माणूस फार आवडतो. १८१६ किंवा नंतरचं नाणं असेल तर न्यूकॉम्बचे नंबर, हाफ सेंट असेल तर आधी गिल्बर्टचे मग कोहेनचे. तेव्हा आपल्या नाण्याचे सगळे जुने नंबर आणि नावं आधी एका कागदावर लिहून घ्या, मग एकेक टाकून बघा, निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि १७९४ चा तो मागच्या कडेला ९४ बारीक चांदण्या असलेला सेंट, एस-४८, त्याला स्टार्ड रिव्हर्स असं नाव टाकून शोधा, नंबरपेक्षा नावाने जास्त सापडतो.

सर्चने पान मिळतं, नाणं नाही मिळत. खरं काम त्यानंतर सुरू होतं. माझ्याकडे १७९८ चा एक सेंट आहे, तपकिरी, मध्यम झिजलेला, लिबर्टीच्या हनुवटीच्या खाली एक तिरकी खोक, तारखेतल्या ९ च्या वर पत्र्यातलाच एक बारीक खड्डा आणि मागच्या बाजूला माळेबाहेर दोन छोटे ओरखडे एकमेकांना जवळजवळ समांतर. घेतला तेव्हा सोबत काहीच माहिती नव्हती, जुनं पाकीटसुद्धा नाही. पोर्टलवर त्याच डायजोडीचे फोटो असलेले कॅटलॉग काढून बसलो. पहिल्या काही फोटोंमध्ये एक चीर अगदी माझ्या नाण्यासारखीच दिसली, पण ती डायची चीर, ती त्या टप्प्यावर पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर येणार, तिच्यावरून ओळख पटत नाही. रंगावर तर अजिबात जाऊ नका, तांबं काळवंडतं, कुणीतरी मधे साफ केलेलं असतं, पुन्हा काळवंडतं. बघायचं ते फक्त त्या एकाच नाण्याला झालेलं, म्हणजे खोक, खड्डा, कडेचा ठोका, आणि डिझाइन एका बाजूला किती सरकलंय ते. शेवटी एका जुन्या प्लेटवर, म्हणजे कॅटलॉगमधल्या फोटोंच्या पानावर, ती तिरकी खोक दिसली, मग ९ वरचा खड्डा, मग कडेचे दाते डावीकडे रुंद आणि उजवीकडे जवळपास गायब, सगळं जुळलं आणि मी खुर्चीतून उठलोच. ओरखडे मात्र प्लेटवर नाहीत, म्हणजे ते नंतर पडले. जुना ठोका गायब झाला तर शंका घ्यायची, नवीन ओरखडा आला तर चालतं, हे लक्षात ठेवा.

उलटाही अनुभव आहे. एका विक्रेत्याने एक सेंट दाखवला, सोबत छान हस्ताक्षरातलं कार्ड, एका नावाजलेल्या जुन्या संग्रहातलं नाणं असं लिहिलेलं आणि त्या नावाची किंमतही व्यवस्थित लावलेली. पैसे द्यायच्या आधी पोर्टलवर त्या संग्रहाचा कॅटलॉग काढला, लॉट, म्हणजे लिलावातली त्या नाण्याची नोंद, सापडला, प्लेटही होती, आणि प्लेटवरच्या नाण्याच्या कडेला वर मोठा ठोका, समोरच्या नाण्याची कडा स्वच्छ. ठोका कसा भरून येईल? कार्ड खरं असेलही, पण ते दुसऱ्या नाण्याचं. मी नाणं घेतलं नाही. आधी अशा वेळी विक्रेत्याच्या शब्दावर जावं लागायचं.

आता त्रुटी. मशीनने वाचलेला मजकूर जुन्या बारीक छपाईत गडबडतो, ३ चा ८ होतो, नावं तुटतात, त्यामुळे एकदा शोधून नाही मिळालं म्हणजे नाहीच असं धरू नका, लिलावाची तारीख माहीत असेल तर सरळ कॅटलॉग उघडून पानं उलटा. मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेल्या किमती आणि खरेदीदारांची नावं, जी आपल्याला सगळ्यात जास्त हवी असतात, ती सर्चमध्ये येतच नाहीत, डोळ्यांनीच वाचावी लागतात. एकाच कॅटलॉगच्या कधीकधी दोन-तीन प्रती चढवलेल्या असतात, कंटाळा न करता सगळ्या बघा, एकीत नुसत्या किमती असतात आणि दुसरीत नावं. फिलाडेल्फियाच्या चॅपमन बंधूंचे कॅटलॉग साधे आणि फोटो प्लेटवाले असे दोन प्रकारचे निघायचे, साधी प्रत उघडली गेली तर निराश होऊन परत फिरू नका. फोटोंचा दर्जा सगळा त्या काळच्या छपाईवर, अस्सल फोटो प्रिंट असेल तर केसाएवढा ओरखडा दिसतो, ठिपक्यांची छपाई असेल तर मोठं केलं की नुसते ठिपके. काही ठिकाणी नाण्याऐवजी प्लास्टरच्या ठशाचा फोटो असतो, तो मला उलट आवडतो, रंग निघून जातो आणि खोक उठून दिसते.

आणि जे कधी छापलंच गेलं नाही ते इथेही मिळणार नाही. एका संग्राहकाने दुसऱ्याला घरी बसून विकलेलं नाणं मालकांच्या साखळीतून वीस-तीस वर्षं गायब असतं, तिथे क्लबची मासिकं कामी येतात. अर्ली अमेरिकन कॉपर्स हा १९६७ चा क्लब, त्याच्या पेनी-वाइज या नियतकालिकाचे जुने अंक पोर्टलवर आहेत, आणि कुणाकडे कुठलं नाणं आहे, कुठल्या प्रकारातलं सगळ्यात चांगलं कोणतं यावर तिथे लोक वर्षानुवर्षं लिहीत आलेत. माझ्या १७९८ च्या सेंटचा मधला मोठा काळ अजून रिकामा आहे, सध्या तेच अंक वाचतोय. अलीकडच्या लिलावांसाठी मात्र हेरिटेजसारख्या कंपन्यांचे स्वतःचे अर्काइव्ह बघा, तिथे रंगीत आणि मोठे फोटो मिळतात, पोर्टलची ताकद जुन्या कागदात आहे.

वापरणाऱ्यांना एक विनंती, जुळणी झाली की नाण्यासोबत लिलावाची तारीख, लॉट नंबर, प्लेट नंबर आणि कशावरून ओळखलं हे दोन ओळीत लिहून ठेवा, आणि पक्कं नसेल तर तसंही लिहा. माझ्या सेंटच्या पाकिटात आता ती चिठ्ठी आहे, ओरखडे प्लेटवर नाहीत हेही त्यात आहे.