द्राक्षबागेतील कामगंध सापळा: पावसाळाभर वापरल्यानंतरचे मत

निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत यंदा खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यात वेलीची केली जाणारी छाटणी) पाने खाणाऱ्या अळीसाठी, म्हणजेच स्पोडोप्टेरा लिट्युरासाठी, नरसाळ्याच्या आकाराचे कामगंध सापळे लावले होते. हे सापळे घेण्यासारखे आहेत. मात्र ‘आता फवारणीची गरजच नाही’ हे दुकानदाराचे आश्वासन पदरात बांधून कोणी ते घेऊ नयेत.

ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यात बसवायच्या आमिषात, मादीच्या गंधाची नक्कल असल्याने सापळ्यात केवळ नर पतंग अडकतात; मिलन झालेली मादी मात्र पानाच्या मागच्या बाजूस शेकडो अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर आपल्या अंगावरील तपकिरी केसांचे आवरण चढवते. त्यामुळे सापळ्याचे खरे काम इशारा देण्याचे आहे, आणि ते त्याने चोख बजावले. नरसाळ्याखालच्या पिशवीत अडकलेले पतंग वाढू लागले की आम्ही मांडवाखाली पाने उलटून पाहत असू. अंड्यांतून निघालेल्या अळ्या सुरुवातीला एकाच पानावर झुंडीने राहून हिरवा भाग खरवडतात, पान जाळीदार व पांढरट दिसू लागते, आणि तेवढे एक पान खुडून नष्ट केले तरी अख्खी झुंड जाते. पुढे त्या विखुरतात, दिवसा मातीत दडून रात्री पाने फस्त करतात. मग आवरणे अवघड. याच पानांच्या अन्नावर वेलीची काडी, म्हणजे नवी फांदी, पक्व होत असल्याने हे नुकसान किरकोळ मानता येत नाही.

नरसाळे आणि वरची टोपी मजबूत आहे. पिशवी मात्र फारच पातळ असून ती बांधण्याचा रबर उन्हाने तुटतो; आम्ही सुतळी वापरली. मुंग्या पिशवीत शिरून पतंगांचे नुसते पंख शिल्लक ठेवतात आणि मोजणी फसते, म्हणून खांबाला ग्रीस लावावे लागले. सुट्या पिशव्या दुकानात मिळाल्या नाहीत, हे खटकले.

पैसे प्लास्टिकपेक्षा ल्यूर पाहून मोजावेत. पाकिटावरील तारीख तपासावी, साधारण तीन-चार आठवड्यांनी ल्यूर बदलावा, आणि तंबाखू मळलेल्या हाताने त्याला स्पर्श करू नये. प्रत्येक किडीचा ल्यूर वेगळा असतो. आमच्या खरेदीत घाटेअळीचे एक पाकीट निघाले, जे दुकानदाराने कुरकुर करीत का होईना, बदलून दिले.